ठोकळ्यांची सृष्टी आणि पहिली रात्र

माइनक्राफ्ट नावाच्या संगणक-खेळात जो प्रथमच पाऊल टाकतो, त्याच्या हाती ना नकाशा येतो, ना हत्यार, ना कोणती कामगिरी सोपवल्याचा हुकूम. समोर गवताळ माळ असेल, वाळवंट असेल, हिमाच्छादित अरण्य असेल किंवा समुद्राचा किनारा असेल. सूर्य नुकताच क्षितिजावर आलेला असतो, आणि वृक्ष, मृत्तिका, पाषाण, जल, एवढेच नव्हे तर तो सूर्यसुद्धा चौकोनी घडणीचा असतो. शत्रू दिसत नाही, गुण मोजणारा फलक दिसत नाही, घड्याळ दिसत नाही. अशा या निर्हेतुक भासणाऱ्या मुलखात थोडे भटकल्यावर नवागताच्या ध्यानात येते की सूर्य बराच वेगाने मावळतीकडे चालला आहे. कारण इथले अहोरात्र अवघ्या २० मिनिटांचे असून त्यांपैकी सुमारे १० मिनिटे दिवसाची, सुमारे ७ मिनिटे रात्रीची आणि उरलेली दोन्ही संध्यांची असतात. मग अंधार पडतो, आणि दिवसभर ज्यांची चाहूलही लागली नव्हती असे प्रेतवत् झाँबी, धनुष्यबाण घेतलेले अस्थिपंजर, लाल डोळ्यांचे कोळी आणि अगदी निकट येऊन स्वतःसह भोवतालचे सर्व काही उडवून देणारा तो हिरवा, निःशब्द क्रीपर या उघड्या माळावर फिरू लागतात. ज्याने दिवसाउजेडी चार भिंती उभ्या केल्या नाहीत, त्याची ती रात्र बहुधा सरत नाही.

या एका रात्रीत त्या खेळाचे सारे मर्म साठवलेले आहे असे माझे मत आहे. आजवर ज्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या, त्या खेळाच्या लोकप्रियतेची कारणे सांगताना बहुतेक लेखक 'मनाला येईल ते बांधण्याचे स्वातंत्र्य' या एकाच गोष्टीवर भर देतात. ते खोटे नाही. परंतु नुसते स्वातंत्र्य देणारी साधने यापूर्वीही पुष्कळ होती आणि त्यांनी माणसांना असे वर्षानुवर्षे गुंतवून ठेवले नाही. बांधण्याची क्रिया ज्या क्षणी जगण्याच्या गरजेशी जोडली गेली, त्या क्षणी भिंतीला अर्थ आला, दाराला अर्थ आला, आणि खिडकीतून दिसणाऱ्या पहाटेला तर इतका अर्थ आला की ती पहाट पुढे अनेक वर्षे खेळणाऱ्याच्या स्मरणात राहते.

खेळाच्या जन्माचा इतिहास पाहिला तर मात्र क्रम उलटा दिसतो. मार्कस पर्सन या स्वीडिश प्रोग्रॅमरने १७ मे २००९ रोजी ज्या स्वरूपात हा खेळ प्रथम लोकांपुढे ठेवला, त्यात रात्र नव्हती, भूक नव्हती, मृत्यूही नव्हता; ठोकळे ठेवायचे आणि ठोकळे फोडायचे, एवढाच व्यवहार होता. त्याला ही कल्पना ज्या अनेक उगमांपासून सुचली त्यांत झॅकरी बार्थ या अमेरिकन खेळ-रचनाकाराचा 'इन्फिनिमायनर' हा खेळ प्रमुख होता, आणि त्या खेळाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. बार्थने तो रचला होता दोन चमूंच्या चढाओढीसाठी. जमीन खणावी, खनिज काढावे आणि प्रतिपक्षाहून अधिक संपत्ती जमवावी, असा त्याचा उद्देश. परंतु लोकांनी खाणकामाकडे पाठ फिरवली आणि त्याच ठोकळ्यांच्या इमारती उभ्या करण्यास आरंभ केला. रचनाकाराच्या मनात नसलेली ही वहिवाट खेळणाऱ्यांनी आपण होऊन पाडली. पुढे त्या खेळाची मूळ आज्ञावली बाहेर फुटली आणि बार्थने त्याचे काम थांबवले. पर्सनने मात्र लोकांची ती बांधण्याची ओढ नेमकी हेरली होती.

त्यानंतरच्या काही महिन्यांत पर्सनने आपल्या निर्वेध सृष्टीत एकेक संकट आणून सोडले. २००९ च्या सप्टेंबरात हिंस्र प्राणी आले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस व पुढील वर्षाच्या आरंभी वस्तू घडवण्याची कला आणि दिवस-रात्रीचे चक्र आले. क्रीपरची उत्पत्ती तर निव्वळ अपघाताची आहे: डुकराची आकृती रचताना पर्सनकडून लांबी आणि उंची यांची मापे अदलाबदल झाली आणि जो उभा, हात नसलेला, चार आखूड पायांचा विचित्र देह पडद्यावर आला, तोच त्याने हिरव्या रंगात रंगवून या खेळातील सर्वाधिक भयप्रद प्राणी म्हणून कायम केला. भूक तर २०११ च्या सप्टेंबरात आली. १८ नोव्हेंबर २०११ रोजी खेळाची पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हा दहा लाख प्रतींच्या विक्रीचा टप्पा केव्हाच मागे पडला होता. लवकरच रचनेची मुख्य जबाबदारी येन्स बेर्गेनस्टेन याच्याकडे गेली, आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने २५० कोटी डॉलर मोजून पर्सनची मोयांग ही कंपनी विकत घेतली. व्यापाराचा हा भाग इथेच सोडून देणे बरे. मूळ विषय त्याहून पुष्कळ रम्य आहे.

माझ्या पुतण्याने हा खेळ मला प्रथम दाखवला तेव्हा त्याने दिलेली शिकवण दोनच वाक्यांची होती: "काका, आधी झाड तोडा. बाकीचं तुमचं तुम्हाला कळेल." आणि खरोखरच ते कळत जाते. रिकाम्या हाताने झाडाच्या बुंध्यावर प्रहार करीत राहिले की ओंडका सुटून हाती येतो. एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात. चार फळ्यांचे एक कामाचे मेज होते. त्या मेजावर तीन फळ्या वर आणि दोन काठ्या खाली अशा मांडल्या की लाकडी कुदळ होते. लाकडी कुदळीने दगड फुटतो, दगडाच्या कुदळीने लोखंडाचे खनिज फुटते, लोखंडी कुदळीवाचून हिरा हाती लागत नाही, आणि हिऱ्याच्या कुदळीवाचून ज्वालामुखीय काच, म्हणजे ऑब्सिडियन, जागची हालत नाही. आठ दगड एका पोकळ चौकटीत मांडले की भट्टी होते. एक काठी आणि एक कोळसा यांच्यापासून चार मशाली होतात. प्रत्येक साधन त्याच्या पुढच्या साधनाची किल्ली आहे. अश्मयुग, लोहयुग वगैरे शब्द शाळेत पाठ केलेल्या मुलाला ती केवळ नावे वाटलेली असतात. इथे दगडी हत्याराने प्रथमच लोखंडाचा तुकडा सुटतो तेव्हा एका युगाने दुसऱ्या युगाला जन्म देणे म्हणजे काय, हे त्याच्या हाताला समजते.

या सृष्टीचे अर्थशास्त्र आपल्या सृष्टीहून निराळे आहे, आणि ते शोधून काढण्यात फार मोठी मौज आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ला बांधण्यापूर्वी त्या स्थळी पाणी आहे की नाही हे आधी पाहावे असा दंडक घालून दिलेला आहे, आणि सह्याद्रीतील कोणत्याही दुर्गावरील खोदीव टाकी पाहिली म्हणजे त्या दंडकाची थोरवी पटते. माइनक्राफ्टमध्ये मात्र पाण्याची ददात नाही: चार ठोकळ्यांच्या चौकोनी खड्ड्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या ओतल्या की तिथे कधीही न आटणारा झरा तयार होतो. इथे दुर्मीळ आहे तो उजेड. हिंस्र प्राणी अंधारातच उत्पन्न होतात. मशालीजवळ प्रकाशाची पातळी १४ असते आणि दर ठोकळ्यागणिक ती एकाने उतरत जाते. पूर्वी ही पातळी सात किंवा त्याखाली गेली की तिथे संकट उत्पन्न होऊ शके. २०२१ च्या अखेरीस नियम सौम्य करण्यात आला आणि आता त्यासाठी संपूर्ण अंधार लागतो. म्हणून अनुभवी खेळाडू जागा निवडताना आधी कोळसा पाहतो, आणि घराच्या भिंतींइतकाच विचार मशालींच्या अंतराचा करतो. ज्याला कोळसा सापडत नाही, तो ओंडकेच भट्टीत जाळून लोणारी कोळसा करतो. ही युक्ती स्वतःच्या बुद्धीने सुचलेल्या माणसाचा आनंद मी पाहिलेला आहे, आणि तो कोणत्याही बक्षिसाने मिळणाऱ्या आनंदाहून कमी प्रतीचा नव्हता.

पहिली रात्र बहुतेकांची मातीच्या बिळात जाते. टेकडीच्या पोटात दोन-तीन ठोकळे आत खणायचे, तोंड बुजवायचे आणि काळोखात बाहेरचे हुंकार ऐकत बसायचे, एवढीच त्या निवाऱ्याची थोरवी. दुसऱ्या दिवशी दार येते, मेंढ्यांच्या लोकरीचा बिछाना येतो, आणि बिछाना आला की रात्र झोपून काढता येते. मग गव्हाचे बी पेरले जाते, कारण भुकेची तरतूद करावी लागते. गव्हाला ओल लागते म्हणून चार ठोकळ्यांच्या आत पाणी आणावे लागते. जनावरांना कुंपण आणि धान्याला कोठार लागते. अशी बेगमी झाली की एक अपूर्व गोष्ट घडते. भय ओसरते, हाताशी फुरसत येते, आणि ज्या मनुष्याने काल केवळ जीव वाचवण्यासाठी चार भिंती घातल्या होत्या, तो आज मागे सरकून त्या भिंतींकडे पाहतो आणि त्या त्याला कुरूप वाटतात! छपराला उतार हवा, कोपऱ्यांना खांब हवेत, दर्शनी भागाला निराळ्या रंगाचा दगड हवा, असे त्याला कोणीही न सांगता वाटू लागते. निवाऱ्यापासून वास्तुकलेपर्यंतचा हा प्रवास मानवजातीने सहस्रावधी वर्षांत केला. त्याची रूपरेषा एका सायंकाळी, एका मुलाच्या मनात, त्याच क्रमाने उमटताना दिसते. या खेळात 'क्रिएटिव्ह' नावाचा दुसरा प्रकार आहे, ज्यात सर्व ठोकळे विपुल आणि मृत्यूचे भय नाही. त्यात फार भव्य प्रासाद उभे राहिले आहेत आणि त्यांच्या कारागिरांविषयी मला आदर आहे. तरी नवागताने आरंभ 'सर्व्हायव्हल' या जगण्याच्या प्रकारानेच करावा असे मी आग्रहाने म्हणेन. ज्याने छप्पर गरजेपोटी घातले नाही, त्याला छपराची शोभा अर्धीच कळते.

आता ज्या भूमीवर हे सर्व घडते ती भूमी येते कुठून, हा प्रश्न. ती कोणी हाताने रचलेली नाही. प्रत्येक जगाच्या मुळाशी एक संख्या असते, तिला खेळाडू 'सीड' म्हणतात. त्या बीजरूप संख्येपासून डोंगर, दऱ्या, नद्या, गुहा आणि भूगर्भातील हिऱ्यांच्या जागाही गणिताने निष्पन्न होतात. खेळाची आवृत्ती तीच असेल, तर नागपुरातल्या मुलाने आणि न्यू जर्सीतल्या त्याच्या मावसबहिणीने एकच सीड घातल्यास दोघांना तंतोतंत तेच जग मिळते, त्याच वळणावर तीच नदी आणि त्याच कड्याखाली तीच गुहा. परंतु ते सारे जग एकदम निर्माण होत नाही. जमीन १६ गुणिले १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत विभागलेली असते, आणि खेळाडू जसजसा पुढे जातो तसतसे पुढचे तुकडे घडवले जाऊन संगणकाच्या दफ्तरी नोंदले जातात. ज्या पर्वताकडे अद्याप कोणी गेले नाही तो कुठेही लिहिलेला नसतो, आणि तरीही त्याचे प्रत्येक शिखर आधीच निश्चित झालेले असते. शोध लागण्यापूर्वीच्या सत्याविषयी तत्त्वज्ञांनी केलेला सूक्ष्म विचार आठवावा अशीच ही परिस्थिती आहे.

यादृच्छिक संख्यांपासून नैसर्गिक भासणारी भूमी काढण्याची ही विद्या बरीच जुनी आहे. १९८२ साली प्रदर्शित झालेल्या 'ट्रॉन' या चित्रपटाच्या संगणकीय चित्रणाशी संबंधित असलेल्या केन पर्लिन यांना यंत्राने काढलेल्या वस्तूंचा गुळगुळीत, निर्जीव चेहरा खटकत असे. त्या असंतोषातून त्यांनी जी पद्धत शोधली आणि १९८५ साली प्रसिद्ध केली, तिला 'पर्लिन नॉइज' म्हणतात. चित्रपटसृष्टीतील उपयोगासाठी तिला पुढे ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. तीत अवकाशात एक काल्पनिक जाळी पसरून तिच्या प्रत्येक छेदबिंदूला यदृच्छेने एक दिशा नेमून देतात, आणि दोन बिंदूंमधील मूल्य त्या दिशांच्या आधारे असे हळूहळू बदलत नेतात की कुठेही तुटकपणा राहू नये. असा एकच थर घेतला तर नुसत्या मंद टेकड्या मिळतील. म्हणून समुद्रात जशी मोठी लाट असते, तिच्या पाठीवर लहान लाटा असतात आणि त्यांच्याही अंगावर बारीक तरंग असतात, तसे लहानमोठ्या मापांचे अनेक थर एकमेकांवर चढवतात. मोठा थर पर्वतरांग देतो, मधला खिंडी देतो, लहान थर जमिनीचा खडबडीतपणा देतो. माइनक्राफ्टमध्ये हे गणित तिन्ही मितींत चालते, आणि म्हणूनच तिथे अधांतरी झुकलेले कडे आणि नैसर्गिक कमानी आढळतात, ज्या केवळ उंचीच्या नकाशातून कधीच निघाल्या नसत्या.

या जगाची सरहद्द केंद्रापासून प्रत्येक दिशेला तीन कोटी ठोकळ्यांवर आहे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर धरला, तर क्षेत्रफळ पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सुमारे सातपट भरते, आणि साध्या चालीने अखंड चालणाऱ्याला केंद्रापासून कडेपर्यंत पोहोचण्यास खऱ्या घड्याळाची सुमारे ८० अहोरात्रे लागतील. जुन्या आवृत्त्यांत मात्र त्याच्या पुष्कळ अलीकडे, केंद्रापासून १,२५,५०,८२१ ठोकळ्यांवर, एक अद्भुत घडत असे: सुरळीत चाललेली भूमी एकाएकी संपे आणि तिच्या जागी आकाशापर्यंत चढलेली, असंख्य विवरांनी पोखरलेली एक प्रचंड भिंत उभी राही. तिला 'फार लँड्स' म्हणत. कारण शुद्ध अंकगणिती होते. भूमी घडवताना स्थानाच्या अंकाला सुमारे १७१.१०३ ने गुणले जाई. आणि या अंतरावर तो गुणाकार २,१४,७४,८३,६४८ या संख्येला जाऊन भिडे, जी ३२ द्विमान अंकांत मावणाऱ्या पूर्णांकांची मर्यादा आहे. मापच अपुरे पडल्यावर लाटांचे सर्व गणित कोलमडे आणि त्या कोलमडण्याचे चित्र दगडामातीत उमटे. २०११ च्या सप्टेंबरात भूमी घडवण्याची रीत बदलली आणि फार लँड्स नाहीसे झाले. ते दोषापोटी जन्मले होते हे खरे. पण संख्येची मर्यादा डोळ्यांनी पाहता यावी असे दुसरे स्थळ मला ठाऊक नाही, आणि ते गेल्याची मला हळहळ वाटते.

याच भूमीच्या पोटात रेडस्टोन नावाची तांबडी भुकटी सापडते. जमिनीवर ओढलेली तिची रेघ १५ ठोकळ्यांपर्यंत संकेत वाहून नेते, आणि रेडस्टोनची मशाल ज्या ठोकळ्याला लावलेली असते त्याला संकेत मिळताच विझते. पाहायला गेले तर एवढेच. परंतु 'आत संकेत नसेल तरच बाहेर संकेत' हा नकार झाला. आणि दोन रेघा त्याच ठोकळ्यात आणल्या की 'हेही नाही आणि तेही नाही' ही तर्कक्रिया सिद्ध होते. अशा एकाच क्रियेपासून तर्कशास्त्रातील उरलेल्या सर्व क्रिया रचता येतात हे हेन्री शेफर यांनी १९१३ साली दाखवले होते, आणि विद्युत्-कळांच्या जोडणीतून बूलचे बीजगणित सोडवता येते हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या आपल्या प्रबंधात मांडले होते. परिणामी केवळ आपोआप उघडणारे दार करायला निघालेली मुले बेरीज करणारी यंत्रे, आणि पुढे स्मृती व आज्ञा असलेले पूर्ण संगणक, त्या ठोकळ्यांच्या जगातच बांधू लागली.

हे सर्व ज्ञान आरंभीच्या काळात खेळात कुठेही लिहिलेले नव्हते. कोणत्या मांडणीतून कोणती वस्तू होते हे एकाने दुसऱ्याला सांगावे, तिसऱ्याने ते पडताळून पाहावे, असाच शिरस्ता होता. थोरला भाऊ धाकटीला शिकवी आणि वर्गातली मुले मधल्या सुट्टीत कृतींची देवघेव करीत. २०१७ पासून खेळातच कृतींचे पुस्तक आले. अगदी लहान वाचकांची सोय त्याने झाली हे मान्य करूनही मला असे वाटते की ज्याला शक्य असेल त्याने ते पुस्तक काही काळ मिटलेले ठेवावे, कारण नऊ चौकोनांच्या त्या मेजावर आपणच काही मांडून पाहणे आणि अकस्मात् कुदळ अवतरणे, हा अनुभव एकदाच घेता येतो.

बांधकामाची ही भाषा पुढे खऱ्या नगरांच्याही उपयोगी पडली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतींविषयीच्या संस्थेने, म्हणजे यूएन-हॅबिटॅटने, २०१२ साली मोयांगशी हात मिळवून 'ब्लॉक बाय ब्लॉक' हा उपक्रम सुरू केला. नैरोबी, नेपाळमधील कीर्तिपूर अशा अनेक ठिकाणी बाग, तळ्याचा काठ किंवा मैदान यांची प्रतिकृती आधी माइनक्राफ्टमध्ये करतात आणि मग तिथल्याच रहिवाशांना, विशेषतः स्त्रिया आणि तरुण मुले यांना, गटागटाने बसवून तिच्यात बदल करायला सांगतात. वास्तुविशारदाचा सपाट आराखडा वाचणे हे शिकलेल्या माणसांनाही अवघड जाते. ठोकळ्यांच्या प्रतिकृतीत मात्र झाड कुठे हवे आणि पायरी कुठे नको हे कोणालाही दाखवून देता येते. व्हिएतनाममधील हनोईच्या किम चुंग भागात किशोरवयीन मुलींनी आपल्या रोजच्या वाटा या पद्धतीने मांडल्या आणि जिथे जिथे त्यांना असुरक्षित वाटत असे तिथे तिथे दिवे लावले. इथे रात्र निर्माण करण्याचे काम खेळाला करावे लागत नाही. ती त्या मुलींच्या रस्त्यावर आधीच असते, आणि त्यांनी बांधलेल्या प्रतिकृतींवरून प्रत्यक्ष कामाचे आराखडे तयार करणे हे पुढे अधिकाऱ्यांचे आणि वास्तुविशारदांचे काम असते.